टपालाचें एकत्र कुटुंब

२०२५ सालच्या डिसेंबरच्या ३० तारखेस डेन्मार्क देशांतील सरकारी मालकीच्या टपालसंस्थेनें आपलें शेवटचें पत्र घरपोंच केलें. १६२४ सालीं तेथील राजा चौथा ख्रिश्चन याच्या आज्ञेनें सुरू झालेलें हें काम चारशें एक वर्षांनीं थांबलें. रस्त्यांच्या कडेला उभ्या असलेल्या सुमारें पंधराशें तांबड्या पत्रपेट्या त्याच वर्षीं जूनपासून उचलण्यास आरंभ झाला होता. तेथें पत्र पाठविण्याची वाट अगदींच बुजली असें नव्हे. एक खाजगी कंपनी तें काम करीत आहे. परंतु देशांतील प्रत्येक घरीं पत्र पोंचविण्याचें जें बंधन टपालसंस्थेवर कायद्यानें घातलेलें होतें, तें २०२४ सालच्या आरंभींच काढून टाकण्यांत आलें. आणि बंधन सुटल्यावर दोन वर्षांच्या आंत पत्रही सुटलें.

२००० सालीं त्या चिमुकल्या देशांत वर्षाला सुमारें १४० कोटि पत्रें जात असत. २०२४ सालीं तीं ११ कोटींवर आलीं. शेवटीं शेवटीं एका साध्या पत्राचें हंशील २९ क्रोनर, म्हणजे आपल्या चलनांत साडेतीनशें रुपयांच्याही वर गेलें होतें.

अशी वार्ता आली कीं तिच्यावर दोन प्रकारचीं भाष्यें होतात. कोणी म्हणतो, तिकीट महाग झालें म्हणून पत्रें कमी झालीं. कोणी म्हणतो, पत्रें कमी झालीं म्हणून तिकीट महाग झालें. बीज आधीं कीं वृक्ष आधीं, अशा थाटाचा हा वाद दिसतो. आमच्या मतें त्याचा उलगडा आमच्या वाचकांना मुळींच कठीण जाऊं नये. ज्या घरांत चार भाऊ एका चुलीवर जेवले आणि पुढें एकेक करून वेगळे निघाले, त्या घरांतील जाणत्या माणसास तो अर्ध्या वाक्यांत समजेल. टपाल हें एक फार मोठें एकत्र कुटुंब होतें. त्याच्या वांटण्या चालल्या आहेत. तिकिटाची वाढती किंमत हा त्या वांटणीचा हिशेब आहे.

हें कुटुंब मुळांत जमलें कसें, तें आधीं पाहूं. १८४० पूर्वीं इंग्लंडांत पत्राचें हंशील अंतर पाहून व कागदांची संख्या मोजून ठरे, आणि तें बहुधा पत्र घेणारास भरावें लागे. दारीं आलेलें पत्र पैशाच्या अभावीं परत पाठविण्याचा प्रसंग गरिबांवर नित्य येत असे. १८३७ सालीं रोलंड हिल नांवाच्या गृहस्थानें एक लहानसें पुस्तक प्रसिद्ध करून या पद्धतीचा सर्व हिशेब मांडला. लंडनहून एडिंबरोपर्यंत एक पत्र वाहून नेण्याचा खरा खर्च एका पेनीचा अवघा छत्तिसावा हिस्सा आहे, असें त्यानें दाखविलें. मग पैसे जात कोठें? तर पत्र मोजण्यांत, नोंदण्यांत, आणि दारोदार थांबून वसुली करण्यांत. अंतर हें महागाईचें कारण नव्हेच, असा याचा अर्थ झाला. तेव्हां जवळच्या व दूरच्या पत्रास दर एकच असावा, आणि तो पाठविणारानें आगाऊ भरावा, ही त्याची सूचना. १८४० सालच्या १० जानेवारीस सर्व देशभर पेनीचा एकच दर सुरू झाला आणि त्याच वर्षीं मे महिन्यांत राणी व्हिक्टोरियाचा मुखवटा छापलेलें काळें तिकीट चालूं लागलें. १८३९ सालीं त्या देशांत साडेसात कोटींच्या आसपास पत्रें गेलीं होतीं. १८४० सालीं तीं सतरा कोटींजवळ गेलीं आणि १८५० सालीं पस्तीस कोटींच्या घरांत. खात्याचें उत्पन्न पूर्वीच्या आंकड्यास पोंचावयास मात्र पुष्कळ वर्षें लागलीं. सरकारनें तेवढी कळ सोसली, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

आपल्याकडे ही कल्पना येण्यास फार उशीर लागला नाहीं, आणि तिचें पहिलें पाऊल मुंबई इलाख्यांतच पडलें. सिंध प्रांत त्या वेळीं मुंबई इलाख्यांत मोडत असे. तेथील कमिशनर बार्टल फ्रिअर (हाच पुढें मुंबईचा गव्हर्नर झाला) यानें १८५२ सालच्या जुलैंत अर्ध्या आण्याचें तिकीट काढलें. त्यानंतर १८५४ सालच्या १ ऑक्टोबरपासून कंपनी सरकारच्या सर्व मुलखांत एकच दर लागू झाला : पाव तोळ्यापर्यंतच्या पत्रास अर्धा आणा, मग तें शेजारच्या पेठेंत जावो कीं हिंदुस्थानच्या दुसऱ्या टोंकास जावो. याच्या आधीं, १८३७ च्या कायद्यान्वयें, मुंबईहून कलकत्त्यास जाणाऱ्या पत्रास तोळ्यामागें एक रुपया पडत असे. त्या काळचा रुपया म्हणजे गरीब घरची कित्येक दिवसांची चूल. पत्र लिहिणें हें तोंपर्यंत संस्थानिकांचें, सावकारांचें आणि साहेबांचें काम होतें. इतरांचा निरोप यात्रेकरूच्या तोंडीं जाई.

एकच दर या दोन शब्दांत केवढें औदार्य सांठविलेलें आहे, याचा आपण क्वचितच विचार करतों. गिरगांवांतून फोर्टांत जाणाऱ्या पत्रावर खात्याचा खर्च थोडा होई. राजापुराहून निघून खाडी, घाट, बैलगाडी आणि पायीं चालणारा हलकारा अशा प्रवासानें लाहोरास पोंचणाऱ्या पत्रावर तो कितीतरी अधिक होई. तरी तिकीट दोघांचें सारखें. शहरांतील पेढ्यांच्या पत्रांतून जें उरे, तें खेड्यांतील पत्राच्या कामीं येई. मिळवता भाऊ अधिक घालतो, न मिळवता भाऊ कमी घालतो, आणि पानावर वाढतांना कोणी पंक्तिप्रपंच करीत नाहीं, हाच तो न्याय. पुढें १९७२ सालच्या १५ ऑगस्टपासून पत्त्यांत जो सहा आंकड्यांचा पिनकोड आला, तो योजणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे कोंकणांतले व संस्कृतचे जाडे पंडित. ४ या आंकड्यानें आरंभ होणाऱ्या प्रदेशांत महाराष्ट्र आणि गोवें यांचा समावेश झाला आणि डोंगरांतील वाड्यावस्त्यांनाही कोठल्या ना कोठल्या टपालकचेरीचा क्रमांक मिळाला. पंक्तींत प्रत्येकाचा पाट मांडला गेला, असेंच म्हणावयाचें.

या पंक्तींत बसून आपल्या समाजानें काय मिळविलें? १८७७ सालीं व्ही. पी. ची सोय झाली, १८७९ सालच्या जुलैंत एका पैशाचें कार्ड आलें, १८८० सालीं मनीऑर्डर आली आणि १८८२ सालीं टपालाची सेव्हिंग्ज बँक. मुंबईच्या गिरणींत राबणाऱ्या चाकरमान्याचे पांच रुपये रत्नागिरीच्या खेड्यांत पोंचूं लागले. कोंकणांतील किती चुली त्या मनीऑर्डरींवर पेटल्या, याची गणती नाहीं. मराठी मासिकांचा तर सगळा प्रपंचच टपालावर उभा राहिला. अंक टपालानें जावयाचा, वर्गणी मनीऑर्डरीनें यावयाची, आणि न आली तर पुढचा अंक व्ही. पी. नें धाडावयाचा. पुस्तकांचें दुकान ज्या तालुक्यांत नव्हतें, तेथील शिक्षकाच्या ओटीवर महिन्याचें वाचन टपालवालाच आणून टाकीत असे.

एक उदाहरण तर असें आहे कीं, तें प्रत्येक मराठी घरांत ठाऊक आहे, परंतु त्यांतील टपालाचा भाग मात्र बहुधा कोणी सांगत नाहीं. आनंदीबाई जोशी यांचे यजमान गोपाळराव हे टपालखात्यांत कारकून होते. पत्नीच्या शिक्षणासंबंधीं त्यांनीं अमेरिकन मिशनऱ्यास लिहिलेलें पत्र तिकडील एका नियतकालिकांत छापलें गेलें. तें न्यू जर्सी प्रांतांतील रोझेल गांवच्या मिसेस कार्पेंटर यांच्या वाचनांत आलें आणि १८८० सालीं त्यांनीं या अनोळखी हिंदु मुलीस पत्र धाडलें. दोघींचा पत्रव्यवहार जुळला. मावशीभाचीचें नातें कागदावर जडलें. १८८३ सालीं आनंदीबाई त्या नात्याच्या भरंवशावर समुद्र ओलांडून गेल्या आणि १८८६ सालीं वैद्यकाची पदवी घेऊन उत्तीर्ण झाल्या. हिंदुस्थान १८७६ सालच्या जुलैंत जागतिक टपालसंघांत सामील झाला होता, आणि त्यामुळें परदेशीं पत्र पाठविणें हें साध्या कारकुनाच्या आटोक्यांत आलें होतें. चार वर्षें आधीं ही गोष्ट सुचती, तर तिकिटाच्या किंमतीपाशींच कदाचित् ती अडखळती. काशीबाई कानिटकरांनीं आनंदीबाईंचें चरित्र लिहिलें, त्यालाही याच पत्रांचा आधार मिळाला.

घरांतील स्त्रियांच्या दृष्टीनें तिकिटाच्या किंमतीचा आणखी एक अर्थ होता. कार्डाला एक पैसा आणि बंद पाकिटाला दोन पैसे, असा दर पुष्कळ वर्षें होता. कार्ड उघडें. तें टपालवाला वाची, ओटीवर बसलेले मामंजी मोठ्यानें वाचीत, आणि शेजारीही ऐके. सासरीं आलेल्या मुलीनें माहेरीं धाडलेल्या कार्डांत "येथील सर्व मंडळी खुशाल" याहून अधिक कांहीं लिहिण्याची सोय नव्हती. जें खरें सांगावयाचें, त्यासाठीं पाकीट हवें, आणि पाकिटासाठीं एक पैसा जास्त हवा. तो मागावयाचा कोणापाशीं, हा प्रश्न. आज आजी झालेल्या पुष्कळ स्त्रियांना स्वातंत्र्यानंतर निघालेल्या निळ्या आंतर्देशीय पत्राविषयीं जो जिव्हाळा वाटतो, त्याचें कारण तें स्वस्त असून बंद होतें, हें आहे. तेव्हां जुन्या काळच्या पत्रांचें गुणगान करतांना हें विसरूं नये कीं, त्या काळींही मनांतलें लिहिण्याला किंमत पडे, आणि ती सर्वांना परवडत नसे.

तिकीट महागण्याची ओरडही आजची नव्हे. १९२२ सालीं कार्डाचा पैसा जाऊन अर्धा आणा झाला आणि पत्राचा अर्धा आणा जाऊन एक आणा झाला. एका दिवसांत दोन्ही दुप्पट! १९३१ सालच्या डिसेंबरांत, मंदीच्या ऐन तडाख्यांत, कार्ड पाऊण आण्यावर आणि पत्र सव्वा आण्यावर गेलें. लोक रागावले, परंतु पत्र लिहिणें सोडून जाणार कोठें? दुसरी वाट नव्हती. त्या दरवाढीच्या मुळाशीं सरकारी तिजोरीची नड होती. कुटुंब मोडलें नव्हतें, कर्त्यानें वर्गणी वाढविली होती, इतकेंच. आजची दरवाढ निराळ्या जातीची आहे.

ती कशी, तें एका काल्पनिक हिशेबानें पाहूं. एका टपालवाल्याच्या फेरीचा दिवसाचा खर्च हजार रुपये धरा. त्याच्या पिशवींत पांचशें पत्रें असलीं, तर दर पत्रामागें दोन रुपये पडले. पत्रें शंभरच राहिलीं, तर दहा पडले. टपालवाला चालतो तितकाच, जिने चढतो तितकेच, आणि कुत्रीं भुंकतात तींही तितकींच. आतां हा खर्च भरून काढण्यासाठीं तिकीट वाढविलें, तर बँका, विमा कंपन्या, वीज कंपन्या असे मोठे गिऱ्हाईक कागद सोडून विजेच्या तारेवरून हिशेब धाडूं लागतात. पत्रें पन्नासांवर येतात. तिकीट पुन्हां वाढतें. प्रत्येक वेळीं जो बाहेर पडतो तो ज्याला बाहेर पडण्याची सोय आहे तोच. मागें उरतो तो, ज्याला ती नाहीं. आणि सगळ्या घराचें भाडें त्याच्या माथीं बसतें.

इंग्लंड हें या पद्धतीचें माहेर. तेथें २००४–०५ सालीं सुमारें २००० कोटि पत्रें गेलीं. २०२३–२४ सालीं तीं ७०० कोटींच्याही खालीं आलीं. पहिल्या वर्गाचें तिकीट २०२२ सालच्या एप्रिलांत ९५ पेन्सांना होतें, तें २०२५ सालच्या एप्रिलांत १७० पेन्सांना झालें. तीन वर्षांत पाऊणपटीहून अधिक वाढ! आणि किंमत चढत असतांनाच सेवा उतरली. दुसऱ्या वर्गाचीं पत्रें कामाच्या दिवशींही एक दिवसाआड वांटावीं, अशी मुभा तेथील नियामक मंडळानें २०२५ सालच्या जुलैंत दिली. डेन्मार्कनें हीच वाट शेवटपर्यंत चालून दाखविली.

येथें कोणी विचारील, मग तिकीट न वाढविलें तर? त्याचें उत्तर आपल्याच देशांत आहे. आपल्या कार्डाची किंमत १९७८ सालीं १५ पैसे, १९९७ सालीं २५ पैसे आणि २००२ सालीं ५० पैसे झाली. त्यानंतर ती तेथेंच थांबली. २०२५ सालींही कार्ड ५० पैशांनाच मिळत होतें. पन्नास पैशांचें नाणें बाजारांतून दिसेनासें झालें, त्यामुळें दोन कार्डें घेतल्याशिवाय व्यवहार पुरा होत नाहीं, इतकी ही किंमत जुनी झाली. कार्ड पोंचविण्यास खात्यास मात्र दहा रुपयांच्या वर खर्च येतो, असें खात्याच्याच गेल्या दशकांतील अहवालांवरून दिसतें. पत्त्याच्या बाजूस जाहिरात छापलेलें आणि 'मेघदूत' असें गोड नांव दिलेलें कार्ड तर २००२ सालीं २५ पैशांना काढलें होतें. कालिदासाच्या यक्षानें मेघाला हंशील दिलें नव्हतें. या मेघदूताचें हंशील जाहिरातदार भरी. इतकें करूनही पत्रें परत आलीं नाहींत. तेव्हां केवळ महागाईनें पत्र मेलें, हें म्हणणें आपल्यापुरतें तरी खोटें ठरतें. अमेरिकेंतील मुलाचा आवाज आईला या क्षणीं ऐकूं येतो, तोंड दिसतें. तिनें पंधरा दिवस वाट पाहात कां बसावें? या सुखाला नांवें ठेवणें हा कृतघ्नपणा होईल.

परंतु आपल्याकडे तिकीट महागलें नाहीं, ही समजूतही पुरती खरी नाहीं. आपल्याकडे दर वाढविण्याऐवजीं स्वस्त वर्ग बंद करण्याची रीत पडूं लागली आहे, आणि ती अधिक लक्षपूर्वक पाहण्यासारखी आहे. २०२४ सालच्या डिसेंबरांत छापील पुस्तकांसाठीं असलेला रजिस्टर्ड टपालाचा सवलतीचा वर्ग एकाएकीं बंद झाला. पुस्तक-प्रकाशकांनीं गाऱ्हाणें केल्यावर २०२५ सालच्या १ मेपासून 'ज्ञान पोस्ट' नांवाची नवी सोय निघाली. तिचा दर ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि पांच किलोपर्यंत १०० रुपये असा ठेवण्यांत आला. ही गोष्ट चांगली झाली. पण त्याच वर्षीं १ सप्टेंबरपासून आपलें जुनें, भरंवशाचें रजिस्टर्ड पत्र स्वतंत्र वर्ग म्हणून संपलें आणि १९८६ सालीं निघालेल्या स्पीड पोस्टांत विलीन झालें. २०११–१२ सालीं देशांत सुमारें २४ कोटि ४४ लक्ष रजिस्टर्ड जिन्नस गेले होते. २०१९–२० सालीं ते १८ कोटि ४६ लक्षांवर आले होते. घट खरी आहे. परंतु अठरा कोटि म्हणजे कांहीं शून्य नव्हे! पूर्वीं रजिस्टर्ड पत्र करासकट सुमारें २६ रुपयांपासून जाई. १ ऑक्टोबर २०२५ च्या दरपत्रकाप्रमाणें गांवाबाहेर जाणाऱ्या ५० ग्रॅमपर्यंतच्या स्पीड पोस्टास ४७ रुपये, रजिस्ट्रेशन हवें तर आणखी ५ रुपये, आणि त्यावर कर पडूं लागला. तिकिटाच्या किंमतीला कोणी हात लावला नाहीं. तरी पत्र दुपटीहून महाग झालें.

हें ओझें कोणावर? जो कुळ म्हणून किंवा भाडेकरू म्हणून नोटिशीचें उत्तर देतो, त्याच्यावर. १८९७ च्या सर्वसामान्य वाक्खंड अधिनियमान्वयें रीतसर पत्ता घालून व हंशील भरून रजिस्टर्ड टपालानें धाडलेली नोटीस पोंचली असें कायदा धरून चालतो. म्हणून वकिलाच्या कचेरींतून, सोसायटीच्या दप्तरांतून, विधवेच्या पेन्शनच्या अर्जांतून ती पोंचपावती आजवर जपून ठेवली जात असे. गरिबाच्या हातीं असलेला तो सर्वांत स्वस्त साक्षीदार होता. व्हॉट्सॲपवरील निळ्या खुणा त्याच्या जागीं सगळीकडे उभ्या राहूं शकत नाहींत.

खात्याची बाजूही न्यायानें ऐकली पाहिजे. दीड लाखांहून अधिक टपालकचेऱ्या, त्यांतील दर दहांपैकीं नऊ खेड्यांत. येवढा संसार कोणी चालवावयाचा? १८९८ च्या कायद्यानें पत्रें वाहण्याचा एकाधिकार सरकारला दिला होता. त्या एकाधिकाराच्या जोरावर शहरांतील मिळकत खेड्याकडे वळवितां येई. कुरियरवाल्यांनीं शहरांतील फायद्याच्या गल्ल्या केव्हांच उचलल्या, आणि १८ जून २०२४ पासून अमलांत आलेल्या नव्या टपाल अधिनियमांत तो एकाधिकार उरलाच नाहीं. मिळवते भाऊ आधींच वेगळे निघाले होते; आतां वांटणीपत्रावर शिक्काही पडला. म्हाताऱ्या आईबापांना सांभाळणारा धाकटा मात्र त्याच जुन्या वाड्यांत राहिला, आणि सगळे त्याला विचारतात, "तुझाच खर्च इतका कां?" तोट्याचा आंकडा पुढें करून टपालखात्यास नांवें ठेवणारांनीं हें चित्र एकदां डोळ्यांपुढें आणावें.

आमच्या वाचकांपैकीं ज्यांना इतिहासाची गोडी आहे, त्यांना आणखी एक काळजी वाटावी. वि. का. राजवाड्यांनीं १८९८ सालापासून 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. वासुदेवशास्त्री खऱ्यांनीं मिरजेस बसून पटवर्धनांच्या दप्तरांतून 'ऐतिहासिक लेखसंग्रह' काढला. या दोघांना सामग्री मिळाली ती वाड्यांच्या माळ्यांवर रुमालांत बांधून ठेवलेल्या पत्रांची. ज्यांनीं तीं लिहिलीं, त्यांना आपण इतिहास लिहीत आहों याचा गंधही नव्हता. कोणी धान्याचा भाव कळविला होता, कोणी स्वारीचा मुक्काम कळविला होता, कोणी मुलीच्या दुखण्याची काळजी केली होती. आजचे निरोप संख्येनें त्यांच्या हजारपट असतील. परंतु मोबाईल बदलला कीं ते गेले, आणि परवलीचा शब्द ठाऊक असलेला माणूस गेला कीं त्याच्याबरोबर तेही गेले. तुमच्या घरचीं गेल्या पन्नास वर्षांतलीं पत्रें कोणत्या ट्रंकेंत आहेत, हें घरांतील एकातरी तरुणास माहीत आहे काय? नसल्यास या महिन्यांत तेवढें काम करावें. तीं तारीखवार लावावीं, कोरड्या जागीं सुती फडक्यांत बांधावीं, आणि कोण कोणाचा कोण, हें म्हाताऱ्या माणसांकडून आतांच विचारून एका कागदावर टिपून ठेवावें. नंतर तें सांगणारें कोणी उरत नाहीं.

मोबाईल टाका आणि बोरू घ्या, असा उपदेश आम्ही करणार नाहीं. ज्याचें काम ज्यानें करावें. "पोंचलों, काळजी नसावी," हें मोबाईलचें काम आहे. पण मुलगा परीक्षेंत नापास झाला असतां बापानें धीर देणें, वेगळ्या निघालेल्या भावाशीं दहा वर्षांचा अबोला मोडणें, कोणाच्या घरीं माणूस गेलें असतां दोन शब्द लिहिणें, हीं कामें अंगठ्यानें उरकण्याजोगीं नाहींत. तीं करतांना मनुष्यानें थांबावें, एक वाक्य खोडावें, दुसरें लिहावें, आणि वाचणारानें तें पुन्हां काढून वाचावें, अशींच तीं आहेत. अशा वर्षांतल्या चार-सहा प्रसंगीं तरी पत्र लिहिण्याचा नेम प्रत्येक घरानें ठेवावा. मुलांना मायना कसा घालावा, पत्ता कसा लिहावा, पिनकोड कोठें घालावा, हें घरींच शिकवावें. शाळेंत पांच गुणांसाठीं शिकलेलें पत्र पेटींत पडत नाहीं. पांच रुपयांचें पाकीट कोणाच्याही घराला जड नाहीं.

आणि नागरिक म्हणून मागणें एकच करावें. घराची वांटणी होते तेव्हां आपल्या शास्त्रांत आणि रूढींतही एक क्रम आहे. कुटुंबाचें कर्ज, आश्रितांची पोटगी, अविवाहित मुलींचीं लग्नें यांची तजवीज आधीं बाजूला काढतात, आणि मग उरल्या मिळकतीचे हिस्से पाडतात. टपालाची वांटणी होणें आतां कोणाच्या हातीं राहिलेलें नाहीं. परंतु त्यांतील आश्रित कोण आहेत हें आपणांस ठाऊक आहे : खेड्यांतील म्हातारीं माणसें, तुरुंगांतील कैदी, लहान प्रकाशक, कोर्टकचेरींत अडकलेला गरीब पक्षकार. यांच्या पत्राचा खर्च किती येतो, हें सरकारनें दरवर्षीं अंदाजपत्रकांत उघड मांडावें आणि शाळा व दवाखाने यांच्या खर्चाप्रमाणें तो राजरोस सोसावा. खात्याच्या तोट्यांत दडवूं नये, आणि तो तोटा भरण्यासाठीं एकेक स्वस्त वर्ग मुकाट्यानें पुसून टाकूं नये. हें मागणें आमदार-खासदारांस कळवावयाचें असेल, तर तें पत्रानेंच कळवावें. त्याची पोंच घेण्यास आजही टपालकचेरी उघडी आहे.